एका टिंबाचा वारसा

लिनक्सच्या संगणकावर आपले होम फोल्डर उघडा आणि लपलेल्या फाइली दाखवण्याची सोय सुरू करा. जिथे आठ-दहा फोल्डर दिसत होते तिथे टिंबाने सुरू होणाऱ्या नावांची रांग उभी राहते. प्रत्येक प्रोग्रॅमने स्वतःच्या सेटिंग्जसाठी आपल्या घरात, आपल्याला न विचारता, मांडलेले हे बस्तान. हे कोणी ठरवले? माझ्या मते कोणीच नाही.

युनिक्सच्या आरंभकाळी, बेल लॅब्जमध्ये, फोल्डरांची रचना झाडासारखी झाली तेव्हा प्रत्येक फोल्डरात दोन नोंदी आल्या. एक टिंब म्हणजे हेच फोल्डर. दोन टिंबे म्हणजे याच्या वरचे. फाइलींची यादी देणाऱ्या ‘एलएस’ने या नोंदी दरवेळी दाखवू नयेत, म्हणून केन टॉम्प्सन किंवा डेनिस रिची यांच्यापैकी एकाने सोपी अट घातली: नावाचे पहिले अक्षर टिंब असेल तर ते वगळावे. संपूर्ण नाव तपासणे अधिक अचूक ठरले असते. पहिले अक्षर पाहणे सोपे होते. ही हकीकत रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये लिहिली. ते बेल लॅब्जमध्ये आले १९८० साली, म्हणजे ही साक्ष थोडी बखरीच्या जातीची; तेवढी सावधगिरी बाळगूनच ती वाचावी. तरी तिचा आशय पटतो. लपलेली फाइल ही कल्पना कोणी योजली नव्हती. यादीत न दिसणारी जागा सापडली आणि पुढच्या पिढ्यांनी तिची अडगळीची खोली केली.

विंडोजचा मार्ग निराळा. तिथे आरंभी ‘विन.आयएनआय’सारख्या साध्या मजकुराच्या फाइली होत्या. कोणीही उघडाव्यात, वाचाव्यात, दुरुस्त कराव्यात. पण अनेक प्रोग्रॅम एकाच फाइलीत लिहू लागले आणि ६४ किलोबाइटची मर्यादा आड येऊ लागली. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये मर्यादित रूपात आलेली रजिस्ट्री विंडोज ९५ मध्ये सर्व सेटिंग्जचे मध्यवर्ती दप्तर झाली. शिस्त आली, पण वाचनीयता गेली. हा सौदा मला महाग वाटतो. शिवाय शिस्तही अपुरीच होती. कित्येक प्रोग्रॅम आपल्या सेटिंग्ज ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्येच लिहीत राहिले. अखेर विंडोज व्हिस्टाने त्यांची गंमतच केली: असे लिखाण गुपचूप वापरकर्त्याच्या खासगी फोल्डरात वळवले. प्रोग्रॅमला वाटे, आपण जुन्याच जागी लिहिले.

या गोंधळावर मला पटणारे उत्तर २००३ साली लिनक्सच्या जगात आले. एक्सडीजी नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या छोट्या दस्तऐवजाने तीन गोष्टी वेगळ्या केल्या. सेटिंग्ज ‘.कॉन्फिग’मध्ये, आपली सामग्री ‘.लोकल’मधील ‘शेअर’मध्ये, आणि पुसली तरी चालेल अशी तात्पुरती साठवण ‘.कॅशे’मध्ये. (ही तिन्ही नावे टिंबानेच सुरू होतात, हे लक्षात आलेच असेल.)

हा भेद केवळ टापटिपीचा नाही. मागे डिस्क भरली म्हणून मी एका टिपणांच्या प्रोग्रॅमचे कॅशे फोल्डर निर्धास्तपणे पुसले. कॅशे म्हणजे पुन्हा तयार होऊ शकते ते, हाच त्या शब्दाचा अर्थ. त्या प्रोग्रॅमने मात्र माझी मोडी कागदांवरची दोन महिन्यांची टिपणे तिथेच ठेवली होती. दोष कोणाचा, यावर मित्रांशी वाद झाला. माझे मत बदललेले नाही. जागेचे नाव हे वापरकर्त्याला दिलेले वचन असते.

जुन्या प्रोग्रॅमांची अडचण मला समजते. ‘.एसएसएच’ फोल्डर आज हलवले, तर त्यावर विसंबलेल्या असंख्य व्यवस्था मोडतील. गिटने २०१२ मध्ये काढलेली तोड समंजस होती: नवी जागाही वाचायची, जुनी ‘.गिटकॉन्फिग’ही चालू ठेवायची. पण काल-परवा लिहिलेल्या प्रोग्रॅमांना वारशाची सबब सांगता येत नाही. हे लिहिताना मोजली, तर माझ्या होम फोल्डरात टिंबाची छत्तीस नावे निघाली. त्यांतले पाच प्रोग्रॅम गेल्या दोन वर्षांत जन्मलेले आहेत.