विकत आणलेले गिऱ्हाईक

एका पेठेत स्वस्त मिळणारा माल दुसऱ्या पेठेत चढ्या भावाने विकणे, हा व्यवहार व्यापारी घराण्यांना शिकवावा लागत नाही. गाडीभाडे, हमाली, तूट आणि दलाली वजा जाता जे उरते, तो नफा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हाच व्यवहार अशा एका मालात सुरू झाला आहे, की ज्याला वजन नाही आणि गोदामही लागत नाही. हा माल म्हणजे संकेतस्थळावर येणारा माणूस. एखाद्या स्वस्त ठिकाणी जाहिरात द्यावी, तिच्यावर क्लिक करणाऱ्या माणसाला रुपया-सव्वा रुपया खर्चून आपल्या पानावर आणावे आणि तेथे लावलेल्या इतरांच्या जाहिरातींतून त्याहून थोडे अधिक मिळवावे, असे त्याचे स्वरूप. दुकानात बसण्यापेक्षा हे करतो, गल्ल्यातून चार-पाच लाख द्या, असा प्रस्ताव एखाद्या घरात मुलाने मांडला, तर तो हसण्यावारी नेणे योग्य नाही. परंतु आकडे न तपासता रक्कम देणे हे त्याहून अयोग्य.

या बाजाराचा जन्म अमेरिकेत झाला. 1998 मध्ये बिल ग्रॉस या उद्योजकाने ‘गोटू डॉट कॉम’ हे शोधयंत्र सुरू केले आणि शोधशब्दांचा लिलाव मांडला. ज्याची बोली मोठी त्याची जाहिरात वर, आणि पैसे मात्र कोणी प्रत्यक्ष क्लिक केल्यावरच द्यायचे. या कंपनीचे नाव पुढे ‘ओव्हर्चर’ झाले आणि 2003 मध्ये ‘याहू’ने ती सुमारे 1.6 अब्ज डॉलरला विकत घेतली. ‘गूगल’नेही 2002 मध्ये आपल्या जाहिरातींसाठी प्रति क्लिक लिलावाची पद्धत स्वीकारली. 2003 मध्ये आलेल्या ‘ॲडसेन्स’मुळे कोणत्याही लहान संकेतस्थळाच्या मालकाला आपल्या पानावर गूगलकडील जाहिराती लावून उत्पन्नाचा वाटा घेणे शक्य झाले. खरेदीची पेठ आधीच होती. आता विक्रीची पेठही उघडली.

भावातील तफावत तेव्हा विलक्षण होती. ‘मेसोथेलिओमा’ हा ॲस्बेस्टॉसमुळे होणारा कर्करोग. अमेरिकेत त्याच्या नुकसानभरपाईचे दावे मोठे असतात, म्हणून तेथील वकील या एका शब्दावरील क्लिकसाठी कित्येक डॉलर मोजत असत. काही सेंट खर्चून माणूस आणायचा आणि अशा महागड्या शब्दांभोवती रचलेल्या पानावर सोडायचा, एवढ्यावर अनेकांनी कमाई केली. त्या पानांवर वाचण्यासारखे बहुधा काहीच नसे. आलेल्या माणसाला बाहेर पडण्याची वाट म्हणून जाहिरातच दिसावी, अशी मांडणी मात्र कटाक्षाने केलेली असे. गूगलने जाहिरातीची गुणवत्ता मोजण्यास आरंभ केला, त्यात जाहिरातीमागील पानाचाही विचार होऊ लागला, आणि पोकळ पानांसाठी क्लिक महाग होत गेले. 2007 च्या मे महिन्यात अशा अनेक खातेदारांना, जूनपासून ॲडसेन्सचे खाते बंद होईल, अशी पत्रे गेली. ज्यांचा सारा धंदा या एकाच खरेदीदारावर उभा होता, त्यांची पेठ एका पत्राने उठली.

धंदा मात्र संपला नाही. बातम्यांच्या खाली ‘हेही वाचा’ म्हणून दिसणाऱ्या जाहिराती, समाजमाध्यमे, लहानमोठी जाहिरात-जाळी अशा ठिकाणांहून आजही माणसे विकत आणली जातात. विक्रीच्या बाजूला मोठा बदल झाला आहे. ॲडसेन्सने 2023 च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केल्याप्रमाणे 2024 पासून पानमालकाला क्लिकवर नव्हे, तर जाहिरात किती वेळा दाखवली गेली यावर पैसे मिळतात. म्हणजे खरेदी नगावर आणि विक्री दर्शनावर. दोन मापे वेगवेगळी असली की हिशेबात गफलत होण्यास वाव अधिक.

आता आकडे पाहू. ते केवळ हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. इंग्रजी पानावर परदेशातील 1,000 माणसे प्रत्येकी 1 रुपया 20 पैशांना आणली, तर खर्च 1,200 रुपये. प्रत्येकाने सरासरी दीड पान पाहिले, तर 1,500 पाने झाली. हजार पानांमागे 900 रुपये हाती आले, तर उत्पन्न 1,350 रुपये. नफा 150 रुपये, म्हणजे खरेदीवर साडेबारा टक्के. किराणा-भुसाराच्या व्यापाऱ्याला हा आकडा मोहात पाडील. परंतु जाहिरातीच्या खरेदीवर 18 टक्के जीएसटी लागतो. नोंदणी नसेल, तर हे 216 रुपये परत मिळत नाहीत आणि 150 रुपयांचा नफा 66 रुपयांच्या तोट्यात जातो. नोंदणी असेल, तर नियमांनुसार ही रक्कम वळती करता येते किंवा परताव्यात मागता येते, पण परतावा येईपर्यंत ती अडकून पडते. शिवाय क्लिकचा भाव लिलावाचा असल्यामुळे रोज बदलतो. 1 रुपया 20 पैशांचा 1 रुपया 35 पैसे झाला, की नफा शून्य. पंधरा पैशांची ही वाढ एका रात्रीत होऊ शकते, आणि सकाळी ती पाहण्यापूर्वी रात्रभराची खरेदी होऊन गेलेली असते.

यापुढचा प्रश्न उधारीचा. मुलाने आणलेल्या तक्त्यात तो बहुधा नसतो. खरेदी जवळजवळ रोखीची असते. विक्रीचे पैसे मात्र महिना संपल्यानंतर निश्चित होतात आणि पुढील महिन्याच्या 21 ते 26 तारखेच्या दरम्यान निघतात, तेही शिल्लक 100 डॉलरच्या वर असेल तरच. रोज 10,000 रुपयांची खरेदी 1 जूनला सुरू केली, तर 20 जुलैपर्यंत 5 लाख रुपये बाहेर गेलेले असतील आणि हाती एक रुपयाही आलेला नसेल. कर त्याखेरीज. वरच्या दराने तोपर्यंत 5,62,500 रुपयांचे येणे झालेले असते आणि ते सर्व एकाच ऋणकोकडे. हुंडी नाही, बिल नाही, मालाचे वजनही तोच ठरवणार. पेठेतील कोणता शहाणा व्यापारी एका नव्या गिऱ्हाइकाला एवढी उधारी देईल?

वजन तोच ठरवणार, हे शब्द अक्षरशः घ्यावेत. स्वस्त माल नेहमी माणूसच असतो असे नाही. झुकोव्ह नावाच्या रशियन इसमाने अमेरिकेतील डॅलस व इतर ठिकाणचे 1,900 हून अधिक सर्व्हर भाड्याने घेऊन त्यांवरून यंत्रांकरवी जाहिराती ‘पाहिल्या’. त्यासाठी 5,000 हून अधिक संकेतस्थळांची सोंगे उभी केली. 70 लाख डॉलरहून अधिक रकमेच्या या फसवणुकीबद्दल 2021 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला 10 वर्षांची शिक्षा दिली. ‘हजार क्लिक शंभर रुपयांत’ असे सांगणाऱ्याकडून माल घेतला, तर त्यात अशीच भेसळ असण्याचा संभव फार मोठा. ती घेणाऱ्याला ओळखता येत नाही. जाहिरातदाराच्या वतीने मोजणाऱ्याला येते. मग दाखवलेल्या कमाईतून वजावट होते आणि प्रकरण गंभीर वाटल्यास खाते बंद होऊन उरलेले येणेही रोखले जाते. भेसळ आपण केली नाही, पुरवठादाराने केली, हा युक्तिवाद तेथे चालत नाही. पैसे देऊन आणलेल्या वाचकांची जबाबदारी पानमालकाची, असा नियम आधीच मान्य केलेला असतो.

या साखळीच्या शेवटी पैसे देणारा कोण, हेही व्यापाऱ्याने पाहावे, कारण तो बहुधा दुसरा व्यापारीच असतो. अमेरिकेतील ‘असोसिएशन ऑफ नॅशनल ॲडव्हर्टायझर्स’ या जाहिरातदारांच्या संघटनेने 2023 मध्ये 21 मोठ्या जाहिरातदारांच्या खर्चाची तपासणी केली. त्यांच्या जाहिरातदर्शनांपैकी 21 टक्के दर्शने आणि खर्चापैकी 15 टक्के रक्कम केवळ जाहिरातीसाठीच रचलेल्या पानांवर गेल्याचे आढळले. तेव्हापासून मोठे जाहिरातदार अशी पाने वगळू लागले आहेत. पोकळ पानांच्या धंद्याला नीतीचा प्रश्न तर आहेच. आता गिऱ्हाईक तुटण्याचाही आहे.

याउलट, पान खरोखर उपयोगाचे असेल, समजा परदेशातील वाचकासाठी भारतीय मसाल्यांच्या जाती, त्यांची पारख आणि साठवण यांची नीट माहिती देणारे असेल, तर तेथे आणलेल्या शंभरातील काही माणसे विनामूल्य परत येतात. त्या परतीच्या फेऱ्यांवर खरेदीचा खर्च हळूहळू फिटतो. हा रस्ता संथ आहे. त्यासाठी मुलाला मालाची पारख हवी, आणि ती बहुधा दुकानातच मिळते. असे पान उभे राहिल्यावर आठवड्याला दोन-तीन हजारांची खरेदी करून, तीन महिन्यांची प्रत्यक्ष जमा बँकेच्या पासबुकात पाहून, मगच रक्कम वाढवावी. पडद्यावर दिसणारी अंदाजित कमाई जमेस धरू नये.

ही रक्कम दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यातून मात्र मुळीच उचलू नये. ती मर्यादा मालाच्या साठ्यावर आणि दुकानाच्या येण्यावर मंजूर झालेली असते. अन्यत्र वळवली, तर मंजुरीच्या अटींचा भंग होतो. दरमहा भरावयाच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये तेवढ्या रकमेचा माल दाखवता येत नाही, साहजिकच उचल घेण्याची मर्यादा खाली येते आणि ऐन हंगामात हळदीच्या किंवा गुळाच्या खरेदीचा चेक अडतो. पैसे घरच्या स्वतंत्र बचतीतूनच द्यावेत. खाते मुलाच्या नावे असेल, तर जाहिरातखर्च, जीएसटीची नोंदणी आणि परदेशातून येणारी जमा ही तिन्ही त्याच्याच नावे ठेवावीत, आणि वडिलांनी दिलेली रक्कम वहीत कर्जाऊ म्हणून तारखेसह लिहावी.