विहिरीचा हिशेब
एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. ४०० मिलिमीटर पाऊस झाला, तरी हेक्टरभर जमिनीवर ४० लाख लिटर पाणी पडते! मग उन्हाळ्यात गावाला टँकर का लागतो? दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी मुरते ते भेगांत आणि झिजलेल्या थरांतच. हा साठा तोकडा. एकाने खोल विंधन विहीर घेतली, की शेजाऱ्याची विहीर आटू शकते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९९०च्या दशकात पाणी अडवले, शेतीसाठी विंधन विहिरींना बंदी केली आणि पुढे पाऊस मोजून पिके ठरवली. माझ्या मते पाण्याइतकीच हिशेबाचीही टंचाई आहे. तेव्हा शाळेत पर्जन्यमापक ठेवा, दरमहा विहिरीची पातळी मोजा आणि ते आकडे ग्रामसभेपुढे मांडा.