धाव संपल्यानंतरचे एक मिनिट



क्रीडादिनी आपले सारे लक्ष पहिल्या तीन क्रमांकांकडे असते. शर्यत संपते, टाळ्या वाजतात आणि मुले धापा टाकत जागीच बसतात. माझ्या मते खरी परीक्षा त्यानंतरच्या एका मिनिटात असते.

जोरात धावताना हृदयाचे ठोके मिनिटाला १८० च्या पुढेही जातात. थांबताच मेंदूकडून येणारी 'व्हेगस' नावाची नस हृदयाला लगाम घालते. नियमित सराव करणाऱ्या खेळाडूचा हा लगाम लवकर लागतो, म्हणून त्याचे ठोके पहिल्याच मिनिटात झपाट्याने उतरतात. अमेरिकेत २,४२८ प्रौढांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या मिनिटात ज्यांचे ठोके १२ किंवा त्याहून कमी उतरले, त्यांच्या जिवाला पुढील सहा वर्षांत अधिक धोका दिसला. हा आकडा मोठ्यांचा आहे, मुलांना लावू नये; पण बोध सर्वांसाठी आहे.

बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-धावत जाई. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने रौप्यपदक मिळवले. सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले. असे हृदय स्पर्धेआधीच्या पंधरा दिवसांत घडत नाही.

आणि आपण काय करतो? दहावी आली की खेळाचा तास गणिताला देतो. मोठ्या मुलाच्या वेळी मीही तीच मागणी केली होती. वर्षअखेरीस तो दोन जिने चढून धापा टाकू लागला, तेव्हा चूक कळली. गुणांची काळजी रास्त आहे, पण आठवड्यातले दोन तास खेळाला दिल्याने कोणी नापास होत नाही.

माझ्या सूचना साध्या आहेत. दहावीलाही खेळाचे दोन तास राखावेत. धावल्यावर मुलांना पाच मिनिटे चालवावे. एकदम थांबल्यास रक्त पायांत साचून चक्कर येते. त्याआधी मनगटाची नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणावी, मिनिटभराने पुन्हा मोजावी आणि दोन्ही आकडे वहीत लिहावेत. तुलना शेजाऱ्याशी नको, स्वतःच्याच मागच्या महिन्याशी करावी. छातीत दुखले किंवा भोवळ आली तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. बऱ्हाणपूरचा उन्हाळा पाहता सराव सकाळी लवकरच व्हावा.

विश्वस्त मंडळाने येत्या सत्रापासून याचा विचार करावा, ही नम्र विनंती.

— एक पालक