डोकंच दुखतंय ना?

परवा चुलतभावाच्या मुलीचा साखरपुडा होता. माझ्या गोळ्या दोन दिवसांपूर्वी संपल्या होत्या आणि धावपळीत आणायच्या राहिल्या. व्हायचं तेच झालं. ऐन ओटी भरायच्या वेळी उजव्या डोळ्यामागे कुणीतरी दाभण खुपसून फिरवावं तशी कळ आली. डोळा लाल, त्यातून धार, उजवी नाकपुडी बंद. आतल्या खोलीत जाऊन कपाटाला डोकं टेकून उभी राहिले. बारा मिनिटांनी पदर सारखा करून बाहेर आले, तर काकू म्हणाल्या, "अगं, डोकंच दुखतंय ना? आम्ही दुखऱ्या डोक्यानं पन्नास पानांचा स्वयंपाक केलाय."

मग सल्ल्यांचा पाऊस. पित्त असेल. नाकात साजूक तूप सोड. सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खा, अर्धशिशी पळते. पानं वाढली होती म्हणून तेव्हा गप्प बसले. आज मात्र भांडणार आहे.

तर पहिलं भांडण 'अर्धशिशी' या शब्दाशी. अर्धं शीर्ष दुखतं ती अर्धशिशी. गंमत म्हणजे मायग्रेन हा शब्दही ग्रीक 'हेमिक्रेनिया'वरूनच आलाय आणि त्याचाही अर्थ अर्धी कवटी. दोन्हीकडच्या जुन्या माणसांनी दुखतं कुठे ते बघितलं आणि नाव ठेवलं. पण किती वेळ दुखतं? मायग्रेन औषध न घेतल्यास चार तास ते तीन दिवस चालते. माझं दुखणं दहा-बारा मिनिटांत संपायचं आणि दिवसातून आठ-दहा वेळा यायचं. त्याला अर्धशिशी म्हणणं म्हणजे मांजर आणि वाघ दोघांनाही मिशा आहेत म्हणून दोघांना दूध पाजण्यासारखं आहे!

माझ्या दुखण्याचं नाव पॅरॉक्सिझमल हेमिक्रेनिया. नॉर्वेच्या ओटार शोस्टा आणि इंगे डाले यांनी ते १९७४ साली पहिल्यांदा वेगळं काढलं. त्यांच्या लेखाच्या शीर्षकात 'नवीन' या शब्दापुढे कंसात प्रश्नचिन्ह होतं. मला ते प्रश्नचिन्ह फार आवडतं. शोध लावणारे स्वतः शंका घेत होते, आणि आमच्याकडे पहिल्या मिनिटाला 'पित्त' म्हणून निकाल.

त्या निकालांपायी माझी चार वर्षं गेली. चष्मा दोनदा बदलला. सायनसचे एक्स-रे झाले. एका दंतवैद्यांनी वरची दाढ काढली. दाढ चांगली होती, दुखणं तिथंच राहिलं. शेवटी एमआरआय झाला आणि घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले, कारण रिपोर्ट नॉर्मल! तेव्हापासून मी नाटकी ठरले. "रिपोर्टमध्ये तर काहीच नाही, टेन्शन घेतेस तू."

अहो, रिपोर्टमध्ये काही नसणं हाच या आजारांचा नियम आहे. एमआरआय करायलाच हवा, कारण गाठ वगैरे नाही ना हे त्यातून कळतं. पण चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेचं आणि मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचं काय बिनसतं ते साध्या फोटोत उमटत नाही. वायरमन दुपारी आला तेव्हा दिवे चालू होते, म्हणून रात्री वीज गेलीच नव्हती का?

दुखणं थोडा वेळ टिकतं हाच आमच्यासारख्यांचा घात. कुणी पाण्याचा पेला आणेपर्यंत झटका ओसरलेला असतो. वेदनेची साधी गोळी पोटात विरघळेपर्यंतही तो थांबत नाही. डॉक्टरांसमोर बसते तेव्हा मी ठणठणीत. मग दाखवायचं काय?

दाखवायचं ते घड्याळ. चौथ्या वर्षी एका डॉक्टरांनी मला, "कसं दुखतं?" न विचारता, "घड्याळ लावून सांगा, किती मिनिटं?" असं विचारलं. मी आठवडाभर वहीत वेळा लिहिल्या. चेहऱ्यावर वीज चमकावी तशी काही सेकंदांची कळ, दात घासताना किंवा वाऱ्याच्या झुळकीनं येणारी, असेल तर ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचा विचार होतो. पाव तास ते तीन तास असेल, माणूस येरझाऱ्या घालत असेल, तर क्लस्टर. दोन ते तीस मिनिटं आणि दिवसातून पाचाहून जास्त वेळा असेल तर माझं. त्यांनी इंडोमेथासिन दिलं. १९६०च्या दशकातलं, सांधेदुखीचं जुनं औषध. तिसऱ्या दिवशी झटके थांबले. मी त्या संध्याकाळी दाढेच्या रिकाम्या जागेवर जीभ फिरवत बराच वेळ रडले.

हेच औषध क्लस्टरवाल्याला सहसा उपयोगी पडत नाही. त्याला झटक्याच्या वेळी मास्कमधून जोरात ऑक्सिजन दिला तर बऱ्याचदा आराम पडतो. म्हणून नाव कळणं महत्त्वाचं. (आणि हे वाचून कुणी परस्पर इंडोमेथासिन आणू नका. ते पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडवू शकतं. मी पोटाच्या गोळीसोबत, तपासण्या करत घेते. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, क्षणात टोकाला पोचणारी डोकेदुखी झाली तर वही-बिही न लिहिता थेट हॉस्पिटल गाठा.)

आता कुणी म्हणेल, ओपीडीत रांग लागलेली असते, डॉक्टरांनी किती विचारायचं? मान्य. पण किती वेळ, दिवसातून किती वेळा, कुठल्या बाजूला, आणि डोळ्याला पाणी येतं का, या चार प्रश्नांना एक मिनिट पुरतं. माझी दाढ काढायला त्याहून बराच जास्त वेळ लागला होता.

असो. काकू, रागावू नका. तुमचं डोकं खरंच दुखत असणार आणि तुम्ही खरंच पन्नास पानं वाढली असणार. त्या वेळी तुम्हालाही कुणी काही विचारलं नाही, हेच वाईट झालं. पुढच्या वेळी मी आत गेले तर जिलेबी नको. दाराशी उभ्या राहा आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. मी बाहेर आले की फक्त किती मिनिटं झाली ते सांगा.