महिला प्रशिक्षक हव्यात, तर कायम पदे द्या



महिला अर्जच करत नाहीत, म्हणून विद्यापीठीय क्रीडाक्षेत्रात महिला प्रशिक्षक दिसत नाहीत, हे एका वाचकपत्रातील प्रतिपादन एकांगी आहे. एनआयएस पदविका, म्हणजे 1961 साली पतियाळा येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक-अभ्यासक्रम, पूर्ण करण्यासाठी रत्नागिरीच्या खो-खोपटूला घरदार सोडून दूर जावे लागते आणि परतल्यावर तुटपुंजे मानधन पदरी पडणार असेल, तर सायंकाळचा सराव आटोपून गावची शेवटची एसटी गाठण्याची कसरत ती किती वर्षे करील? अमेरिकेत 1972 मध्ये ‘टायटल नाइन’ हा शिक्षणसंस्थांतील लिंगभेदाला मनाई करणारा कायदा आला, तेव्हा महाविद्यालयीन महिला संघांच्या प्रशिक्षकांत 90 टक्क्यांहून अधिक महिला होत्या. पुढे पदांना पैसा व प्रतिष्ठा लाभताच हे प्रमाण निम्म्याखाली घसरले. म्हणजे प्रश्न अर्जांचा नसून चांगली पदे कोणाला मिळतात याचा आहे; म्हणून मुंबई विद्यापीठाने व संलग्न महाविद्यालयांनी महिला प्रशिक्षकांची कायम, पूर्णवेतनी पदे तातडीने निर्माण करावीत.

– एक वाचक, रत्नागिरी