‘प्रेरित’ या शब्दाची सोय

एकाच भांड्यात पास्ता, टोमॅटो, राजमा आणि पाकिटातला टॅको मसाला शिजवायचा, वर चेडार किसायचे आणि त्यास ‘मेक्सिकन-प्रेरित’ म्हणायचे, ही अमेरिकी घरांतली रूढ पाककृती. तिच्या चवीशी आमचे भांडण नाही, विशेषणाशी आहे.

मेक्सिकोत ‘सोपा सेका दे फिदेओ’, म्हणजे शेवयांचे कोरडे सूप, घरोघरी होते. बारीक पास्ता तेलात तांबूस परतायचा. वाटलेला टोमॅटो, कांदा, लसूण आणि रस्सा घालून त्याच भांड्यात आटवायचा. गहू तेथे स्पॅनिशांनी १५२१च्या विजयानंतर रुजवला. ‘टोमॅटो’ हा शब्द मात्र तिथल्याच नाहुआत्ल भाषेतून आलेला. इटलीचा तांबडा सॉसदेखील अमेरिका खंडातून गेलेल्या या फळाचा ऋणी आहे. मग ज्यांच्या घरी एका भांड्यातला पास्ता मुळातच शिजतो, त्यांना केवळ ‘प्रेरणा’ ठरवणे कितपत न्याय्य?

‘प्रेरित’ हा शब्द ऋण मान्य केल्याचा आव आणतो आणि धनकोचे नाव गिळतो. साहित्यात ‘आधारित’ या शब्दाआड मूळ लेखक दडवला गेला, तर आपण हरकत घेतो. स्वयंपाकघरात ती का घेऊ नये? पास्ता खुशाल करावा. फिदेओचे नाव तेवढे घ्यावे.