चार तारांचे सनातनी

केस खांद्यापर्यंत, पँट गुडघ्यावर मुद्दाम फाडलेली आणि दंडावर कवटी गोंदवलेली, असा मुलगा दिसला की तो बंडखोर असणार असं धरून चालणारे पुष्कळ लोक आहेत. त्यांनी अशा मुलाला, तो बेस गिटार वाजवणारा असेल तर, एखाद्या कारागिरानं हातानं घडवलेली, जरा निराळ्या आकाराची बेस एकदा दाखवावी. सत्यनारायणाच्या प्रसादात कांदा निघाल्यावर आमच्या आत्याबाईंचा चेहरा जसा झाला असता, अगदी तसा त्याचा चेहरा होतो.

माझा या मंडळींशी संबंध नातवामुळे. तो पुण्यात एका बँडमध्ये बेस वाजवतो. बेस म्हणजे चार जाड तारांची, खर्जातली गिटार. बँडमध्ये बेसवाल्याला मान असतो तो लग्नातल्या आचाऱ्याएवढा: सगळं सुरळीत असलं की तो कुणाला दिसत नाही, आणि बिघडलं की सगळे त्यालाच शोधतात. तर या नातवाचे बेसवाले मित्र आमच्या दिवाणखान्यात जमतात, आमचा चहा पितात आणि वाद्यांवर मतं देतात. ती मतं मी दोन-तीन वर्षं पेपराआडून ऐकतो आहे. मध्ये बोललो, तर "आजोबा, तुम्हाला नाही कळायचं ते," असं प्रेमानं सांगतात. म्हणून लिहितो आहे.

त्यांचं पहिलं मत असं की, बेस ही बेससारखी दिसली पाहिजे. का? तर परंपरा! आता ही परंपरा बघा. 1951 साली कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर नावाच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थानं लाकडाच्या एका फळीवर चार तारा ताणून ही चीज बाजारात आणली. स्वतः त्याला गिटार वाजवता येत नव्हती. तोपर्यंत बेस म्हणजे पुरुषभर उंचीचं व्हायोलिनच्या घराण्यातलं धूड. ते गाडीत घालायचं म्हणजे कपाट हलवण्यासारखंच. फेंडरनं ते आडवं केलं, गळ्यात अडकवलं आणि दांडीवर पडदे बसवले, म्हणजे सूर नेमका लागावा. म्हणून नावही ठेवलं 'प्रिसिजन'. उभ्या बेसवाल्यांनी तेव्हा नाकं मुरडली. त्याच्याही आधी, 1930 च्या दशकात, सिअ‍ॅटलच्या पॉल टुटमार्क यांनी अशीच पडद्यांची आडवी विजेची बेस केली होती. ती फारशी कुणी घेतलीच नाही. तर ज्या आकाराला ही मुलं सोवळ्यात ठेवतात तो आकार एके काळी विचित्रच होता, आणि त्यांची ही सनातन परंपरा माझ्याहून वयानं लहान आहे!

पॉल मॅकार्टनीनं 1961 साली हॅम्बुर्गमध्ये व्हायोलिनच्या आकाराची बेस घेतली. तो डावखुरा, आणि हा आकार दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणून उलटी धरली तरी वेडीबिद्री दिसत नाही, हे एक कारण. दुसरं कारण, ती स्वस्त होती. 1972 साली ती चोरीला गेली आणि ती सापडल्याची बातमी 2024 साली आली तेव्हा आमच्या दिवाणखान्यात पेढे वाटायचेच काय ते राहिले होते. तीच बेस कुणी अनोळखी कारागिरानं करून आणली असती, तर ही मंडळी "खेळण्यातली आहे का?" म्हणाली असती. पैज लावतो.

मग तारा. अँथनी जॅक्सन या वादकानं 1975 साली न्यूयॉर्कच्या कार्ल थॉम्पसन या कारागिराकडून सहा तारांची बेस करून घेतली. त्याचं म्हणणं सरळ होतं: हे वाद्य गिटारच्या कुळातलं, गिटारला तारा सहा, मग हिलाच चार का? तर उभ्या बेसला चार होत्या म्हणून. यावर आमच्याकडचं मत : "इतक्या तारा कशाला?" आमच्या सतारीला तरफा धरून अठरा-वीस तारा असतात. खाँसाहेबांना कुणी विचारलं नाही, की बाबा, एवढ्या तारा कशाला?

पण खरा राग आहे तो बिनडोक्याच्या बेसवर. (वाद्याच्या. वादकांबद्दल मी काही म्हटलेलं नाही.) नेहमीच्या बेसच्या दांडीच्या टोकाला चार लोखंडी खुंट्या असतात. त्या वजनानं दांडी खाली झुकते आणि डावा हात वाजवायचं सोडून तिला सावरत बसतो. नेड स्टाइनबर्गर हा मूळचा फर्निचर आखणारा. खुर्चीत माणूस बसतो हे खुर्ची करणाऱ्याला विसरता येत नाही, म्हणूनच बहुधा त्याला सुचलं. 1980 च्या सुमारास त्यानं डोकंच उडवलं, खुंट्या मागच्या टोकाला नेल्या, कार्बन फायबर वापरलं आणि अंग शाळेच्या पाटीएवढं ठेवलं. दिसायला धोपाटणं, हे कबूल. पण गळ्यात घातल्यावर धोपाटणं जागचं हलत नाही. (वडील पदार्थविज्ञानातले, पुढे 1988 साली नोबेल मिळवलेले. मुलगा धोपाटणी करतो म्हटल्यावर घरी काय बोलणं झालं असेल कोण जाणे.)

"पण आवाज, आजोबा! जुन्या लाकडाचा आवाज!" हा त्यांचा हुकमी एक्का. 2010 साली इंडियानापोलिसला एकवीस व्हायोलिनवादकांच्या डोळ्यांवर काळे गॉगल चढवून त्यांच्या हाती सहा व्हायोलिनं दिली. तीन जुनी, त्यांतली दोन प्रत्यक्ष स्ट्राडिव्हारीची, तीन नवी. सर्वांत जास्त आवडलं ते नवं, आणि सर्वांत कमी आवडलं ते एक स्ट्राडिव्हारी! हे ऐकवलं, तर आमची मंडळी म्हणाली, "ते व्हायोलिन झालं." बरं, बेसचं घ्या. मोटाउनच्या असंख्य गाण्यांत खर्ज भरणारा जेम्स जेमर्सन एकाच बोटानं छेडायचा आणि तार तुटल्याशिवाय बदलायचा नाही. तो आवाज लाकडाचा की बोटाचा?

याचा अर्थ हातानं केलेली प्रत्येक बेस पूजेला लावावी असा नाही. काही कारागिरांना वाद्य घडवायचं नसतं, शिल्प पाडायचं असतं. मी एक ड्रॅगनच्या आकाराची पाहिली. तिचं शेपूट वादकाच्या बरगडीत शिरत होतं आणि सगळ्यात खालची तार घशाला सूज आल्यासारखी बोलत होती. तिला नावं ठेवा. पण गळ्यात अडकवून, तार छेडून, मग ठेवा. आमच्या मिरजेला तंबोरा घेणारा गवई समोर बसतो, आणि कारागीर त्याच्या कानाच्या पसंतीनं जवारी काढून देतो. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथं भोपळा जरा वाकडा आहे म्हणून कुणी उठून गेल्याचं ऐकिवात नाही.

गेल्या महिन्यात यांच्यातल्याच एकानं शिसवीची, बिनडोक्याची बेस आणली. गावातल्याच एका कारागिरानं चार महिने खपून केलेली. अ‍ॅम्प्लिफायर शेजारी, वायर हातात. पण पहिला प्रश्न "कंपनी कुठली?" आणि दुसरा "विकताना किंमत येईल का?" विकतानाची किंमत! म्हणजे लग्नाच्या याद्या करतानाच घटस्फोटाच्या वकिलाची फी विचारून ठेवायची. त्या कारागिराला वर्षाकाठी चार-पाच गिऱ्हाइकं मिळाली तर तो टिकणार; नाहीतर परत दारं-खिडक्या करायला जाणार. वायर तशीच राहिली. चहा मात्र दोनदा झाला.

"कंपनी कुठली?" म्हणणाऱ्याची स्वतःची बेस साडेचार किलोची आहे. तीन-तीन तास ती एका खांद्यावर. आठवड्यातून दोनदा तो फिजिओथेरपिस्टकडे जातो आणि आमच्याकडे आला की आमच्या हिच्याकडे शेकायची पिशवी मागतो. लाल, रबरी, जुन्या बाजारातली. तिच्यावर कुठल्याच कंपनीचं नाव नाही. अजून तरी त्यानं विचारलेलं नाही.